तहाची किंमत कोणी मोजली?

शाळेच्या पुस्तकात पहिल्या महायुद्धाचा शेवट एका वाक्यात उरकलेला असतो. व्हर्सायचा तह जर्मनीला अपमानास्पद वाटला आणि त्यातून हिटलरचा उदय झाला. परीक्षेत या वाक्याला गुणही मिळतात. पण या काळाविषयी वाचताना मला नेहमी जाणवते, की या वाक्यात सामान्य जर्मन माणूस कुठेच नाही. तह राष्ट्रावर लादला गेला, हे खरे. पण त्याची किंमत नेमकी कोणाच्या घरातून वसूल झाली?

११ नोव्हेंबर १९१८ रोजी फ्रान्समधील काँपियेनच्या जंगलात, रेल्वेच्या एका डब्यात युद्धबंदीच्या करारावर सह्या झाल्या. तोफा थांबल्या. नाकेबंदी मात्र थांबली नाही. १९१४ पासून ब्रिटिश आरमाराने जर्मनीचा सागरी व्यापार अडवून धरला होता. त्यात १९१६ साली बटाट्याचे पीक बुडाले आणि एरवी गुरांपुढे टाकायचे सलगम माणसांच्या ताटात आले. 'सलगमांचा हिवाळा' हे त्या हिवाळ्याचे नाव जर्मन इतिहासात कायमचे राहिले.

युद्ध संपल्यावर तरी पोटभर मिळेल, ही आशाही लवकर फळली नाही. मार्च १९१९ नंतर सोने मोजून थोडेफार धान्य येऊ लागले. नाकेबंदी पूर्ण उठली ती जुलै १९१९ मध्ये, जर्मन संसदेने तहाला मान्यता दिल्यावर. म्हणजे तोफा थंडावल्यावर तब्बल आठ महिन्यांनी. नाकेबंदीमुळे किती नागरिक दगावले याविषयी मतभेद आहेत. जर्मन सरकारने १९१८ अखेरीस ७ लाख ६३ हजार हा आकडा दिला होता. नंतरच्या अभ्यासकांनी तो सव्वाचार लाखांच्या आसपास आणला. लहान आकडा धरला, तरी हे लोक रणांगणावर नव्हे, घरात मेले. पुढे अमेरिकेतील क्वेकर पंथीयांनी, म्हणजे कालच्या शत्रुराष्ट्रातील माणसांनी, जर्मन शाळांतून मुलांना जेवण द्यायला सुरुवात केली. १९२१ मध्ये ऐन भरात रोज सुमारे दहा लाख मुले तिथे जेवत होती.

तहावर सही झाली २८ जून १९१९ रोजी, व्हर्सायच्या आरसेमहालात. याच दालनात १८७१ मध्ये, फ्रान्सला हरवून, जर्मन साम्राज्याची घोषणा झाली होती. त्या वेळी जर्मनीने फ्रान्सकडून ५०० कोटी फ्रँक खंडणी घेतली होती, हेही विसरता कामा नये. या युद्धात तर पश्चिमेकडील लढाई बरीचशी फ्रान्स आणि बेल्जियमच्या भूमीवर झाली होती आणि तिथली गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली होती. फ्रान्सच्या रागाला कारण होते. तरीही जर्मनीचा सुमारे १३ टक्के भूभाग गेला, लष्कर एक लाखावर आणले गेले आणि युद्धाची जबाबदारी २३१ व्या कलमाने जर्मनी व तिच्या मित्रराष्ट्रांवर टाकली गेली. १९२१ मध्ये भरपाईचा आकडा ठरला, १३ हजार २०० कोटी सुवर्ण मार्क. अर्थतज्ज्ञ जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१९ मध्येच ब्रिटिश शिष्टमंडळाचा राजीनामा देऊन बजावले होते, की कंगाल झालेला ऋणको कर्ज फेडू शकत नाही.

पण भरपाई ही या कहाणीची अर्धीच बाजू. दुसरी बाजू जर्मन जनतेला तिच्या राज्यकर्त्यांनी कधी धडपणे सांगितलीच नाही. कैसरच्या सरकारने युद्धाचा खर्च मुख्यतः करांतून नव्हे, तर कर्जातून भागवला होता. एकापाठोपाठ एक अशी नऊ युद्धकर्जे काढली गेली. शिक्षक, कारकून, विधवा अशा लोकांनी आयुष्यभराची पुंजी रोख्यांत घातली. बायकांनी अंगावरचे सोने देऊन लोखंडाचे दागिने घेतले. हिशेब असा होता, की युद्ध जिंकल्यावर हे सारे शत्रूकडून वसूल करू. युद्ध हरले आणि कर्ज आपल्याच माणसांचे डोक्यावर राहिले.

जानेवारी १९२३ मध्ये भरपाईचे हप्ते चुकले म्हणून फ्रान्स आणि बेल्जियमच्या फौजा रुरच्या कोळसा खाणींत घुसल्या. जर्मन कामगारांनी काम बंद केले आणि त्यांना पगार देण्यासाठी सरकारने नोटा छापण्याचा वेग आणखी वाढवला. १९१४ मध्ये एका डॉलरला ४.२ मार्क पडत. नोव्हेंबर १९२३ मध्ये ४ लाख २० हजार कोटी मार्क पडू लागले. सकाळी मिळालेला पगार संध्याकाळपर्यंत कवडीमोल होई, म्हणून पगार हातात पडताच माणसे दुकानाकडे धावत. शेतकरी नोटा घेऊन बटाटे द्यायला तयार नव्हते. केटे कोलविट्झ या चित्रकर्तीचा मुलगा १९१४ मध्येच रणांगणावर पडला होता. तिने या सुमारास रिकामे वाडगे वर धरलेल्या मुलांचे चित्र काढले. त्या काळाचे याहून बोलके वर्णन मला ठाऊक नाही.

यात सारेच बुडाले असे मात्र नाही. ज्यांनी कर्ज काढून कारखाने आणि जमिनी घेतल्या, त्यांचे कर्ज कागदी मार्कांत फिटले. सर्वांत मोठा ऋणको होते स्वतः सरकार. १५ नोव्हेंबर १९२३ रोजी 'रेन्टेनमार्क' हे नवे चलन आले, तेव्हा सरकारचे १५ हजार ४०० कोटी मार्कांचे देशांतर्गत युद्धकर्ज अवघ्या १५.४ फेनिगांचे उरले. शंभर फेनिगांचा एक मार्क! शेजारच्या विधवेने देशप्रेमापोटी दिलेली सारी पुंजी त्या चिल्लरीत विरून गेली. १९२५ च्या कायद्याने घरतारणाच्या कर्जांची २५ टक्के किंमत परत धरली. रोखेधारकांच्या हाती त्याहून बरेच कमी आले.

राग कोणावर निघाला? कर्ज काढून युद्ध लढणाऱ्यांवर नव्हे. सेनापती हिंडेनबुर्ग यांनी १९१९ मध्ये, सैन्याच्या पाठीत खंजीर खुपसला गेला, असे चौकशी समितीपुढे सांगितले आणि लोकांना ते पटले. युद्धबंदीवर सही करणारे माटियास एर्झबर्गर यांची १९२१ मध्ये हत्या झाली. १९२५ मध्ये हिंडेनबुर्ग राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले.

तरीही तहापासून हिटलरपर्यंत सरळ रस्ता होता, असे मी म्हणणार नाही. १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला अवघी २.६ टक्के मते होती. १९२९ च्या मंदीनंतर बेकारी साठ लाखांवर गेली, तेव्हा एकदा लुबाडला गेलेला मध्यमवर्ग दुसऱ्यांदा लुबाडले जाण्याच्या भीतीने त्याच्याकडे वळला. भूक विसरता येते. आपल्याला फसवले गेले ही भावना विसरता येत नाही. आणि कोणी फसवले, हे लोकांना खरे सांगितले गेले नाही, तर ते पहिल्या मोठ्या आवाजावर विश्वास ठेवतात.

भरपाईसाठी १९२० च्या दशकात आणि १९३० साली परदेशांत विकलेल्या रोख्यांच्या व्याजाचा शेवटचा हप्ता जर्मनीने ३ ऑक्टोबर २०१० रोजी भरला. परदेशी सावकारांचा हिशेब ९२ वर्षांनी का होईना, चुकता झाला. घरच्या रोखेधारकांचा हिशेब १५ फेनिगांवरच मिटवला गेला होता.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)