चिल्लर बखर

आमच्या बँकेत येणाऱ्या माणसाला दोनच गोष्टींबद्दल बोलायचे असते. एक सुट्ट्या आणि दुसरे सुट्टे. सुट्ट्या तुम्हांला फार, असे लोक म्हणतात. आणि सुट्टे असून तुम्ही देत नाही, असेही तेच लोक म्हणतात. पहिल्या आरोपावर मी काही बोलणार नाही, कारण हा लेख मी दुसऱ्या शनिवारी घरी बसून लिहितो आहे. दुसऱ्याबद्दल मात्र मला बरेच सांगायचे आहे.

वीसबावीस वर्षे कॅशियरच्या पिंजऱ्यात काढल्यावर माझे मनुष्यस्वभावाचे ज्ञान पाचशेच्या नोटेएवढे झाले आहे. बाहेर शंभर माणसे उभी असतात आणि प्रत्येकाच्या खिशात सुट्टे असतात. कोणीही ते बाहेर काढत नाही. खिशातला आवाज ऐकू येतो. "सुट्टे आहेत का हो?" असे विचारले की तो आवाजही बंद होतो. बी.कॉम.ला आम्हांला ग्रेशॅमचा सिद्धान्त होता: वाईट पैसा चांगल्या पैशाला बाजारातून हुसकून लावतो. तीन वर्षांच्या शिक्षणातले एवढेच वाक्य मला आठवते. ग्रेशॅमसाहेब आमच्या शाखेत आठवडाभर बसले असते, तर त्यांनी पुढे जोडले असते, की मोठा पैसा सुट्ट्या पैशाला खिशातच दडपून ठेवतो.

शाळेच्या इतिहासात मोहरा असतात, होन असतात. चिल्लर नसते. वास्तविक १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन पाडला, तशी तांब्याची शिवराईही पाडली. होन आज संग्रहालयात काचेखाली पाहावे लागतात. शिवराई मात्र महाराज गेले, पेशवाई गेली, कंपनी सरकारही गेले, तरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत महाराष्ट्राच्या बाजारात चालत होती. राज्ये बुडाली तरी मेथीची जुडी घ्यावी लागतेच, आणि ती होन मोडून घेता येत नाही.

आपली भाषा तर निम्मी मेलेल्या नाण्यांवर चालते. आपण फुटकी कवडी देत नाही, दमडी सोडत नाही, पै-पैचा हिशेब ठेवतो, आणि गोष्ट खरी असली की ती सोळा आणे खरी असते. शंभर पैसे खरी असल्याचे कोणी म्हणाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाच्या एकशे ब्याण्णव पै. मध्ये पुन्हा चवली, पावली, अधेली. हा हिशेब तोंडी करता यावा म्हणून पोरांकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी घोकून घेत. माझ्या आजीला औटकी पाठ होती. तेरा औटे किती, हे ती कढईत झारा फिरवता फिरवता सांगे. मी कॅल्क्युलेटर शोधेपर्यंत पुरी तळून होई.

आजी लहान होती साताऱ्याला. दुसऱ्या महायुद्धातली चिल्लरटंचाई तिने पाहिलेली. लोकांनी नाणी घरात दडवून ठेवली होती आणि बाजारात सुट्टे मिळेनात. काठेवाडातल्या जुनागढ, मोरवी अशा काही संस्थानांनी त्या वेळी चक्क छोटी कागदी कूपने काढली. इंग्रज सरकारला तांबे वाचवायचे होते, म्हणून १९४३ साली मधोमध भोक असलेला पैसा निघाला. आजी तेव्हा बारा वर्षांची. तिच्या मते सरकारने पैसा दिला आणि मधला भाग स्वतःला ठेवून घेतला. पुढे आयुष्यभर, पगारातून कर कापल्याची तक्रार मी केली की ती म्हणायची, "अरे, तुला भोकाचा पैसा मिळाला."

खरी धमाल उडाली ती १ एप्रिल १९५७ ला. त्या दिवशी आपल्याकडे दशमान नाणी आली. एप्रिलच्या एक तारखेची निवड सरकारने आर्थिक वर्षासाठी केली होती, पण लोकांना दुसराच संशय आला. रुपयाचे शंभर 'नये पैसे' झाले आणि एक आणा बरोबर सव्वासहा नव्या पैशांचा झाला. आता पाव पैसा कोणी कोणाला द्यायचा? कायद्याने त्यावर तोडगा काढला: जवळचा पूर्ण पैसा धरावा, आणि दोन्ही बाजू सारख्याच जवळ असतील तर खालचा धरावा. म्हणजे एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे साडेबारा नव्हे तर बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे बरोबर पंचवीस.

मी हे कोष्टक पुष्कळदा वाचले आहे. कॉमर्सच्या माणसाने वाचावे असे ते साहित्य आहे. कारण बघा, चार आण्यांचा माल एकदम घेतला तर पंचवीस पैसे पडतात; पण एकेक आणा करून चार वेळा घेतला तर चोवीसच पडतात. पूर्ण रुपया असा एकेक आण्याने सोळा वेळा खर्च केला तर शहाण्णव पैशांत काम होते आणि चार पैसे शिल्लक राहतात. हा शोध मला चाळिशीत कागदावर आकडेमोड करताना लागला आणि मी मोठ्या अभिमानाने आईला सांगितला. आई म्हणाली, "यात काय सांगतोस? सासूबाई कोथिंबीर घ्यायच्या, पैसे द्यायच्या, चार पावलं जाऊन परत यायच्या आणि मिरच्या घ्यायच्या."

भाजीवालीही कच्च्या गुरूची चेली नव्हती. कायदा सहा म्हणत होता, ती सात म्हणत होती. या देशात बेरजेला कायदा आणि भाजीवाली अशी दोन उत्तरे असतात आणि बाजारात दुसरे चालते. आजी मात्र सहाच देत असे. त्या एका पैशावर वीस वीस मिनिटे वाद चालायचा आणि शेवटी भाजीवाली तिला कढीलिंब फुकट द्यायची. सात पैसे देऊन निमूट घरी येणाऱ्या शेजारणीला कढीलिंब मिळत नसे.

१ जून १९६४ ला पैशाच्या मागचे 'नया' गेले. तो सात वर्षांत जुना झाला. त्याच वर्षी तीन पैशांचे नाणे आले. ते का आले हे मला कोणीही समाधानकारक समजावून सांगू शकलेले नाही. मग बरीचशी चिल्लर ॲल्युमिनियमची झाली: चौकोनी, षट्‌कोनी, कातरलेल्या कडांची. भूमिती शिकायला उत्तम, पण हातात घेतली तर घेतल्यासारखे वाटत नसे. आमच्या पिढीच्या वाट्याला आली ती ही चिल्लर, आणि तिच्या मागोमाग चॉकलेट.

चॉकलेटाचा काळ ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळे सांगायला नको. रुपया परत द्यायचा असला की दुकानदार बरणीत हात घालून दोन गोळ्या पुढे करी. एकदा मी अशा आठ गोळ्या साठवल्या आणि त्याच दुकानात चार रुपयांच्या काडेपेट्या घेऊन त्या गोळ्या काउंटरवर ठेवल्या. दुकानदाराने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी खोटी नोट ठेवली. "साहेब, तुम्ही बँकेत ना?" एवढेच म्हणाला. जे चलन एकाच दिशेने जाते त्याला काय म्हणावे, हे आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हते. बसमधला कंडक्टर त्या मानाने सभ्य. तो निदान तिकिटाच्या मागे बाकी लिहून देतो. उतरताना ती मागायची आठवण आपल्याला राहत नाही, यात त्याचा काय दोष?

नाणी जात होती कुठे? २००७ साली वर्तमानपत्रांत बातम्या होत्या, की आपली नाणी चोरून बांगलादेशात नेतात आणि वितळवून त्यांची दाढीची पाती करतात. कारण रुपयाच्या धातूला रुपयाहून जास्त किंमत येते. आसामातल्या काही चहामळ्यांत तर नाण्यांऐवजी पुठ्ठ्याचे तुकडे चालले होते. त्यानंतर कित्येक दिवस मी दाढी करताना, आपण नेमके किती रुपये गालावरून फिरवतो आहोत, याचा विचार करत असे.

मग आले २०११. पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी ३० जूनपासून चलनातून रद्द होणार असे ठरले. २९ जूनच्या कामकाजाच्या अखेरपर्यंत ठराविक बँकांच्या ठराविक शाखांत ती बदलून मिळणार होती. आमच्या छोट्या बँकेत ती सोय नव्हती, म्हणून त्या सूचनेची प्रत आम्ही ग्राहकांच्या माहितीसाठी दारावर लावली. लावली म्हणजे मीच लावली. चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी, अगदी सरळ रेषेत. वाचून शंका विचारणाऱ्या प्रत्येकाला मी नीट समजावून सांगितले. घरी मात्र बोललो नाही. घरी कोणाकडे चार आणे असतील?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आजीने तिच्या कपाटातून बोर्नव्हिटाचा डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "बँकेत भर," म्हणाली. "सगळं मोजलंय. एक्कावन्न रुपये पंच्याहत्तर पैसे." देवळात जाताना, भाजी घेताना, कोणाकोणाशी वाद जिंकून तिने ती नाणी जमवली होती. वर्षानुवर्षे. पावल्या, वीस पैसे, दहा, पाच.

ऐंशी वर्षांच्या बाईला, आजी, हा आता नुसता धातू आहे, असे सांगायला मी तोंड उघडले आणि मिटले. दारावरची सूचना मी माझ्या हातांनी लावली होती. दुसऱ्या दिवशी डबा बॅगेत घालून बँकेत नेला, टेबलाच्या खालच्या खणात ठेवला, आणि संध्याकाळी खिशातले बावन्न रुपये तिच्या हातात दिले. नोट एक, नाणी दोन.

तिने मोजले. दोनदा मोजले. "हे बावन्न आहेत," म्हणाली.

"हो."

"चार आणे जास्त आलेत. बँकेचा पैसा घरात ठेवू नये. उद्या परत कर."

"असू दे गं आजी."

"असू दे काय? कॅशला बसतोस ना? संध्याकाळी चार आणे कमी पडले तर कोण भरणार?" तिने कनवटीची पिशवी काढली, चाचपली, आणि जरा ओशाळून म्हणाली, "सगळे सुट्टे तुलाच दिले रे डब्यात. उद्या देते."

आजी २०१४ साली गेली. त्यामुळे ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र तिने पाहिली नाही, आणि नंतर दोन हजारांची गुलाबी नोट हातात घेऊन चहाच्या टपरीपासून औषधाच्या दुकानापर्यंत हिंडणारे लोकही पाहिले नाहीत. ती नोट मोडून द्यायला साऱ्या गावात कोणी नव्हते. २०२३ साली ती चलनातून काढून घेतली, तेव्हा मला मुळीच वाईट वाटले नाही. आठ आण्यांचे नाणे मात्र कायद्याने अजून चालते. एका व्यवहारात दहा रुपयांपर्यंत ते नाकारता येत नाही, हे मी ग्राहकांना सांगतो. ते हसतात.

आता सगळे मोबाइलवर आले. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही तो चौकोनी कागद चिकटवलेला आहे आणि शेजारी एक बोलणारा डबा आहे. परवा माझे बिल दोनशे एक्कावन्न रुपये पंच्याहत्तर पैसे झाले. वाणी सवयीने म्हणाला, "दोनशे बावन्न करा साहेब." मीही सवयीने करणार होतो. पण बोट थांबले. मी टिंब दिले आणि पुढे सात-पाच दाबले.

डबा खणखणीत आवाजात बोलला. पंच्याहत्तर पैसे मिळाल्याचे भर दुकानात जाहीर झाले. तेलाची पिशवी घेत असलेल्या बाईंनी वळून माझ्याकडे पाहिले.

"काय साहेब," वाणी म्हणाला, "चार आण्यांसाठी?"

मी त्याच्याकडे थोडा कढीलिंब मागितला.