बालाघाट चढणारी छोटी गाडी

बार्शी लाईट रेल्वे ही कुर्डुवाडी, बार्शी, येडशी आणि लातूर यांना जोडणारी अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर रुंदीची रेल्वे. तिचा पहिला टप्पा १८९७ मध्ये सुरू झाला. रुळांच्या आणि डब्यांच्या वजनाचा एक नवा हिशेब या मार्गावर प्रथम अमलात आला. दहा वर्षांनी त्याच हिशेबाची गाडी बालाघाटाच्या डोंगराला लावली गेली आणि आजच्या धाराशिव जिल्ह्याला पहिली आगगाडी मिळाली. परिसरात तिला नुसते ‘बार्शी लाईट’ म्हणत.

धाराशिव जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटाच्या पठारावर आहे. पठाराची पश्चिम व दक्षिण कड तुटलेली आहे. तिच्या खाली बार्शी, माढा आणि सोलापूरचा सखल मुलूख पसरतो. वरचे बरेचसे पाणी मांजरा-तेरणेकडून गोदावरीला जाते, खालचे सीना-भीमेकडून कृष्णेला. पांगरीकडून येडशीकडे येणाऱ्याला ही कड रामलिंगच्या घाटात चढावी लागते. रामलिंगचे महादेव मंदिर याच घाटातल्या दरीत आहे, आणि भोवतालच्या झाडीला आता अभयारण्याचा दर्जा आहे. बार्शी आणि येडशी यांच्या उंचीत शंभर मीटरांहून अधिक फरक आहे. पायी चालणाऱ्याला तो फारसा जाणवत नाही, पण भरलेल्या बैलगाडीला आणि आगगाडीला तो चांगलाच जाणवतो.

पठारावरचा माल खाली कसा उतरवायचा, हा प्रश्न दोन हजार वर्षांचा तरी आहे. धाराशिव तालुक्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर, ही ओळख फ्लीट या संशोधकाने १९०१ मध्ये पटवून दिली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगर पैठणपासून दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचे म्हटले आहे. तेथील कापड गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जात असे. पुढच्या काळात हे काम लमाणांच्या तांड्यांनी केले. बैलांच्या पाठीवर गोणी लादून धान्य आणि मीठ नेण्याची ही पद्धत घाटाला सोयीची होती. बैलाला रस्ता लागत नाही, पाऊलवाट पुरते. मात्र एका बैलाच्या पाठीवर मावते किती, यालाही मर्यादा होती.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे १८६० पर्यंत पुण्याकडून सोलापूरला पोहोचली. तिच्या वाटेवरील कुर्डुवाडीच्या स्थानकाचे नाव ‘बार्शी रोड’ होते. बार्शी तेथून सुमारे ३५ किलोमीटर दूर होती. ती सोलापूर जिल्ह्यात, इंग्रजांच्या ताब्यात होती, तर वरचे पठार हैदराबादच्या निजामाकडे होते. घाटावरचा कापूस, करडई आणि ज्वारी बार्शीच्या पेठेत उतरे. तेथून गाड्या जुंपून तो माल बार्शी रोडला नेला जाई. पेठ मोठी, पण आगगाडी एक-दोन दिवसांच्या वाटेवर, अशी तिची स्थिती होती. एवढ्याशा अंतरासाठी मोठ्या रुळांचा फाटा टाकणे परवडणारे नव्हते.

ही अडचण हेरणारा माणूस म्हणजे एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप. तो इंग्लंडमध्ये इंजिनांच्या कारखान्यात तयार झाला आणि १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. मुख्य मार्गाला माल आणून देणाऱ्या हलक्या, स्वस्त फाट्यांचा त्याला ध्यास लागला. बार्शीच्या फाट्यासाठी तो १८८६-८७ पासून खटपट करीत होता. बार्शी लाईट रेल्वे कंपनीची स्थापना आणि सरकारशी करार १८९५ मध्ये झाला.

कॅलथ्रॉपच्या रचनेचे मर्म वजनाच्या वाटणीत आहे. बर्फाळ देशांत माणसे पायाला लांब फळ्या बांधून डोंगरावर फिरतात. नुसत्या बुटांनी पाय गुडघाभर रुततो. फळीवर तेच वजन पसरते, म्हणून बर्फ खचत नाही आणि माणूस वरून सरकत जातो. रुळाचेही तसेच आहे. रूळ वाकतो तो गाडीच्या एकूण वजनाने नव्हे, एका आसाच्या दोन चाकांखाली एका जागी येणाऱ्या वजनाने. त्या काळच्या छोट्या रेल्वेत इंजिन जड आणि डबे हलके असत. त्यामुळे सगळा मार्ग इंजिनाच्या वजनाला पुरेल इतका भक्कम बांधावा लागे. डबे मात्र त्या रुळांचा पुरता उपयोग करून घेत नसत. कॅलथ्रॉपने नियम असा केला की, इंजिन असो, डबा असो वा वाघीण (मालाचा डबा), कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. वाघिणी मात्र त्या मर्यादेपर्यंत पुऱ्या भरता आल्या पाहिजेत. एवढा भार यार्डाला ३० पौंड, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलो वजनाचा सडपातळ रूळ पेलू शकतो. चार आसांची वाघीण असली की भरलेल्या मालासह तिचे वजन २० टनांपर्यंत नेता येते. रूळ छोटा राहिला आणि माल मात्र मोठ्या गाडीच्या मानाने आला.

हा हिशेब कागदावर सोपा होता, लोखंडात उतरवणे अवघड. वाघीण स्वतः जड असेल तर मालाला जागा उरत नाही. म्हणून तिचा सांगाडा जाड तुळया जोडून न करता दाबयंत्रात पोलादी पत्रे दाबून करण्यात आला. दुमडलेल्या कडांमुळे पातळ पत्र्यालाही तुळईची ताकद येते, आणि नटबोल्टांचे व सांध्यांचे वजन वाचते. हे काम लीड्स फोर्ज या कंपनीने केले. वाघिणींना आणि डब्यांना दोन्ही टोकांना चार चाकांची वळणारी बोगी दिली. त्यामुळे लांब डबाही आखूड वळणातून सहज फिरे. इंजिने लीड्सच्याच किटसन कंपनीची होती. त्यांना ओढणारी आठ चाके आणि मागे आधाराची चार चाके होती. वजन सहा आसांवर वाटले गेले आणि ओढणाऱ्या आठही चाकांची पकड रुळावर राहिली. पाणी-कोळशासाठी वेगळा डबा नव्हता, टाक्या इंजिनावरच होत्या.

नवे सामान थेट जहाजात न चढवता त्याची आधी परीक्षा घेण्यात आली. लीड्सजवळच्या न्यूले येथे अडीच फुटी रूळ टाकून वळणांचा आणि चढ-उतारांचा एक प्रयोगमार्ग उभारला गेला. त्यावर इंजिने, डबे आणि वाघिणी चालवून दाखवण्यात आल्या. रेल्वेचे अभियंते आणि लष्करी अधिकारी ते पाहायला आले. लढाईच्या मुलखात घाईने रूळ टाकून जड सामान पुढे न्यायचे असेल तर हाच हिशेब कामी येईल, हे लष्कराच्या ध्यानात आले. परीक्षेनंतर हे सामान हिंदुस्थानला पाठवण्यात आले.

बार्शी रोड ते बार्शी टाऊन हा मार्ग मार्च १८९७ मध्ये सुरू झाला. दख्खनमध्ये तो दुष्काळाचा काळ होता. हा पहिला टप्पा सखल प्रदेशातला होता, त्यामुळे गाडीची खरी कसोटी अजून लागायची होती. १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूरकडे दुसरी शाखा गेली आणि वारकऱ्यांची सोय झाली. त्यापाठोपाठ मार्ग पूर्वेकडे वळला. बार्शीहून पांगरी, पुढे रामलिंगचा घाट, मग येडशी, आणि १९०७ मध्ये गाडी पठारावरच्या तडवळ्याला पोहोचली. बालाघाटाच्या या कडेवर आगगाडी प्रथमच चढली.

घाट चढताना या रचनेचे गुण एकेक करून उपयोगी पडले. मोठ्या रुळांच्या गाडीला वळणे पसरट लागतात. त्यासाठी डोंगर फोडावा, बोगदे खणावे किंवा दरीवर उंच पूल बांधावे लागतात. अडीच फुटी गाडी आखूड वळणांतून जाते. म्हणून मार्ग डोंगराच्या अंगालगत, घळीच्या कडेकडेने, चढ हळूहळू वाटून घेत वर नेता येतो. इंजिनाची आठही ओढती चाके रुळाला धरून राहत. पावसाने किंवा दवाने रूळ ओला झाला की चाके जागच्या जागी फिरू लागतात. अशा वेळी वाफेच्या इंजिनातून चाकांपुढे कोरडी वाळू सोडतात, म्हणजे पोलादाला पकड मिळते. चढणीवर वेग पायी चालणाऱ्याला लाजवण्याइतका नसे. उतरणीचे काम त्याहून नाजूक होते. भरलेल्या वाघिणी मागून रेटत असताना गाडी हातातून सुटू न देता, ब्रेक धरत धरत बार्शीच्या सपाटीवर आणावी लागे.

तडवळे चार वर्षे या मार्गाचे शेवटचे स्थानक होते. १९११ मध्ये मार्ग ढोकी, मुरूड या बाजूने लातूरला गेला. तेव्हा लातूर उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातच होते. स्वतंत्र लातूर जिल्हा १९८२ मध्ये झाला. घाट चढल्यापासून लातूरपर्यंतची वाटचाल निजामाच्या मुलखातली होती, तर खालचा मार्ग ब्रिटिश हद्दीतला. एकाच गाडीला दोन राजवटी ओलांडाव्या लागत. हैदराबादच्या हद्दीत येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे जकात, घेतली जाई. ही सरहद्द सप्टेंबर १९४८ मधील हैदराबादवरच्या पोलीस कारवाईनंतर मिटली.

रेल्वेने पेठांचे गणित बदलले. घाटावरच्या शेतकऱ्याला माल बार्शीपर्यंत बैलगाडीने उतरवण्याची गरज उरली नाही. तो लातूर, मुरूड, ढोकी, येडशी यांपैकी जवळच्या स्थानकावर नेला तरी पुरे. लातूरच्या आडत बाजाराला रुळांचा आधार मिळाला आणि मराठवाड्याच्या दक्षिण भागातला माल तेथे जमू लागला. जिल्ह्याचे मुख्य गाव मात्र वगळले गेले. नळदुर्गाहून जिल्ह्याचे ठाणे विसाव्या शतकाच्या आरंभी धाराशिवला आले. गावाला पुढे निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून उस्मानाबाद हे नाव मिळाले. पण रूळ येडशीहून सरळ पूर्वेला गेले. जिल्ह्याच्या ठाण्याच्या माणसाला गाडी धरायची तर आधी येडशी गाठावी लागे.

पंढरपूरची शाखा १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली आणि लातूर ते मिरज असा सुमारे ३२५ किलोमीटरचा अडीच फुटी मार्ग पुरा झाला. दरम्यान कॅलथ्रॉपने हाच हिशेब इंग्लंडमध्ये वापरला. १९०४ मध्ये सुरू झालेल्या लीक अँड मॅनिफोल्ड या छोट्या रेल्वेचा तो अभियंता होता. तेथील इंजिनांवर बार्शीच्या धर्तीचे भलेमोठे दिवे होते. पुढे तो विमानांकडे वळला आणि ‘गार्डियन एंजल’ नावाची हवाई छत्री त्याने तयार केली. १९२७ मध्येच त्याचे निधन झाले.

या रेल्वेची मर्यादाही तिच्या रुंदीतूनच आली. कुर्डुवाडीला अडीच फुटी वाघिणी मोठ्या रुळांवर जाऊ शकत नसत. प्रत्येक पोते एका वाघिणीतून काढून हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या वाघिणीत चढवावे लागे. त्यात वेळ जाई, मजुरी लागे, बारदान फाटे आणि धान्य सांडे. आजूबाजूला पक्के रस्ते झाले तेव्हा ट्रक शेतातून थेट मुंबईला माल नेऊ लागला. सरकारने १ जानेवारी १९५४ रोजी कंपनी विकत घेतली आणि मार्ग मध्य रेल्वेत आला. माल कमी झाला, तरी गरीब प्रवाशाला स्वस्तात नेणारी गाडी म्हणून ती पन्नासहून अधिक वर्षे चालली. तिच्या संथपणाच्या गोष्टी बार्शी-येडशी भागातील वडीलधारे अजून सांगतात.

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुळांची रुंदी १,६७६ मिलिमीटर करण्यात आली. लातूर ते उस्मानाबाद हा भाग सप्टेंबर २००७ मध्ये आणि उस्मानाबाद ते कुर्डुवाडी हा भाग ऑक्टोबर २००८ मध्ये सुरू झाला. मोठ्या गाडीला जुनी आखूड वळणे चालत नाहीत, म्हणून घाटातली आखणी बदलावी लागली. तेव्हाच मार्ग वळवून जिल्ह्याच्या ठाण्यालाही स्थानक देण्यात आले. पुढे मिरज-पंढरपूर भागाचेही रुंदीकरण झाले आणि बार्शी लाईटचा अडीच फुटी इतिहास संपला. गावाचे आणि जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये पुन्हा धाराशिव झाले. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा नवा मार्गही मंजूर झाला असून बालाघाट त्या बाजूनेही ओलांडला जाणार आहे.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरच्या नळांना पाणी उरले नाही, तेव्हा मिरजेहून टाक्यांच्या वाघिणी भरून पाठवण्यात आल्या. १२ एप्रिलला पहिली गाडी १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला पोहोचली. ती पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी या वाटेने आली. जो बालाघाट एकेकाळी कापसाच्या गोण्या खाली उतरवताना अडचण ठरत होता, तोच चढून तिने पाणी वर नेले.