कार्बन नॅनोनलिका-बहुवारिक संमिश्रांतील विद्युतवहन व तापमान : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

प्लास्टिक, रबर, एपॉक्सी राळ यांसारखी बहुवारिके सर्वसाधारणपणे विद्युत दुर्वाहक असतात. त्यांत कार्बनच्या नॅनोनलिका पुरेशा प्रमाणात मिसळल्या असता ती वाहक बनतात. अशा संमिश्राचे तापमान बदलले की त्याची वाहकताही बदलते. हा बदल नलिकांमुळे होतो की नलिकांमधील बहुवारिकाच्या थरामुळे, या प्रश्नाचे उत्तर कसे आकारास आले, याचा आढावा घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. या उत्तराची पायाभरणी नॅनोनलिका प्रकाशझोतात येण्यापूर्वीच झाली होती, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे.

पूर्वपीठिका

तापमान वाढले की धातूंची वाहकता घटते, हे हम्फ्री डेव्ही यांनी १८२१ मध्ये दाखविले. १८३३ मध्ये मायकेल फॅरडे यांना सिल्व्हर सल्फाइडमध्ये याच्या नेमके उलट वर्तन आढळले. तापविल्यावर त्याची वाहकता वाढली. १९३१ मध्ये ॲलन विल्सन यांनी पुंजयामिकीच्या आधारे धातू व अर्धवाहक यांतील भेद स्पष्ट केला. तेव्हापासून तापमानानुसार वाहकता कशी बदलते, हा पदार्थाच्या अंतर्गत रचनेचा एक महत्त्वाचा पुरावा मानला जाऊ लागला.

काजळीमिश्रित बहुवारिकांचा अभ्यास

प्लास्टिक व रबर वाहक करण्यासाठी त्यांत काजळी मिसळण्याची पद्धत जुनी आहे. काजळीचे प्रमाण एका विशिष्ट मर्यादेपलीकडे गेले की कणांची अखंड साखळी तयार होते आणि वाहकता एकाएकी अनेक पटींनी वाढते. या घटनेस लागू पडणारा पर्कोलेशनचा गणिती सिद्धांत ब्रॉडबेंट व हॅमरस्ली यांनी १९५७ मध्ये मांडला. मात्र त्यातून तापमानाच्या परिणामाचा उलगडा होत नव्हता.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस नेव्हिल मॉट यांनी अव्यवस्थित पदार्थांत इलेक्ट्रॉन एका स्थानावरून दुसऱ्या स्थानावर उड्या घेत जातात, असे प्रतिपादन केले. १९७८ मध्ये पिंग शेंग, सिकेल व गिटलमन यांनी काजळी व पीव्हीसी यांच्या संमिश्रासाठी वेगळे स्पष्टीकरण दिले. पुंजयामिकीनुसार पुरेशी ऊर्जा नसतानाही इलेक्ट्रॉन पातळ अडथळ्याच्या पलीकडे जाऊ शकतो. यास टनेलिंग म्हणतात. दोन कणांमधील सूक्ष्म फटीवर उष्णतेमुळे विद्युतदाबाचे चढउतार होतात आणि तापमान वाढले की हे टनेलिंग सुलभ होते. अतिनीच तापमानास मात्र चढउतार नगण्य ठरून वाहकता जवळजवळ स्थिर राहते.

नॅनोनलिकांचे आगमन

रादुश्केविच व लुक्यानोविच या सोव्हिएत संशोधकांनी १९५२ मध्येच पोकळ कार्बन नलिकांची छायाचित्रे प्रसिद्ध केली होती. तथापि सुमिओ इजिमा यांच्या १९९१ मधील शोधनिबंधानंतरच जगाचे लक्ष या विषयाकडे वेधले गेले. १९९४ मध्ये अजयन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नलिका व राळ यांच्या संमिश्राविषयीचे काम प्रसिद्ध केले. नलिका लांबीच्या मानाने अत्यंत बारीक असल्याने अल्प प्रमाणातही त्यांचे अखंड जाळे बनते. २००३ मध्ये सँडलर व सहकाऱ्यांनी एपॉक्सीमध्ये वजनाच्या केवळ ०.००२५ टक्के नलिका असताना ही मर्यादा गाठल्याचे नोंदविले.

नलिका स्वतः उत्तम वाहक असूनही संमिश्राची वाहकता तिच्या कितीतरी पट कमी भरते. तापमानाच्या प्रयोगांनी याचे कारण दाखवून दिले. अनेक संमिश्रांत तापमान वाढताना वाहकता वाढते, म्हणजेच धातूच्या उलट वर्तन दिसते. यावरून विजेच्या मार्गातील खरा अडसर नलिकांच्या परस्परसंधींशी व त्यांमधील बहुवारिकाच्या पातळ थराशी असल्याचे सूचित होते. परिणामी काजळीसाठी रचलेले १९७८ चे सूत्र या नव्या पदार्थांनाही लावले गेले. उच्च तापमानास मात्र बहुवारिक प्रसरण पावून फटी रुंदावतात आणि काही संमिश्रांत रोध वाढू लागतो. काजळीमिश्रित पॉलिएथिलीनमधील याच गुणाचा उपयोग स्वयंनियंत्रित तापक केबलमध्ये केला गेला.

येथे एक सावधगिरी आवश्यक ठरते. तापमानाची कक्षा मर्यादित असल्यास मॉट व शेंग या दोघांचीही सूत्रे त्याच निरीक्षणांशी जुळू शकतात. त्यामुळे आलेख जुळला म्हणून यंत्रणा सिद्ध झाली, असे म्हणता येत नाही. काही केल्व्हिनपर्यंत उतरणारी मोजमापे घेतल्याखेरीज दोहोंतील निवड करणे कठीण असते.

निष्कर्ष

वरील आढाव्यावरून असे दिसून येते की, नॅनोनलिका-संमिश्रांतील तापमानाचा परिणाम बहुतांशी नलिकांपेक्षा त्यांमधील फटींचे स्वरूप व्यक्त करतो. नवा पदार्थ हाती आला तरी त्याचे आकलन जुन्या, काहीशा दुर्लक्षित पदार्थाच्या अभ्यासावर उभे राहिले. संशोधनाचे मूल्य केवळ विषयाच्या नावीन्यावरून ठरविणे किती अपुरे आहे, याची साक्ष काजळीपासून नॅनोनलिकेपर्यंतचा हा इतिहास देतो.