आवाजाच्या पायऱ्या किती?

दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात आणि देवळासमोर रात्रभर नाटक चालते. कथा पुराणातली, सर्वांना ठाऊक असलेली; संवाद मात्र नट उभ्या उभ्या रचतो. वालावलकर, मोचेमाडकर, आरोलकर अशी गावांच्या नावांनी ओळखली जाणारी मंडळे पिढ्यान्‌पिढ्या हे करत आली. पहाटे नाटक संपले की त्या रात्रीचे शब्दही संपतात. कोणी ध्वनिमुद्रण केले असेल तर तेवढेच उरते. म्हणूनच किती बिट निवडावेत, कोणते साउंड कार्ड घ्यावे, या प्रश्नांना इथे वजन येते. उत्तरासाठी थोडे मागे जाऊ.

१९३० च्या दशकात अ‍ॅलेक रीव्ह्‌ज हा इंग्रज अभियंता पॅरिसच्या एका प्रयोगशाळेत दूरध्वनीवर काम करत होता. लांबच्या तारेवर आवाज क्षीण होतो, तो वाढवावा तर वाटेतली खरखरही वाढते. रीव्ह्‌जने तोड काढली : लाट पाठवूच नये, तिची उंची ठरावीक वेळाने मोजून फक्त आकडे पाठवावेत. आकडा नीट वाचता आला की खरखर मागेच राहते. १९३८ साली त्याने या कल्पनेचे पेटंट घेतले. उंची मोजायला त्याने ३२ पायऱ्या, म्हणजे ५ बिट योजले होते. एक बिट वाढला की पायऱ्या दुप्पट होतात.

पण लाटेची उंची नेमकी पायरीवर थोडीच येते? ती जवळच्या पायरीवर बसवावी लागते. सेंटिमीटरच्याच खुणा असलेल्या पट्टीने पेन्सिलची जाडी मोजावी, तसे हे होते. राहिलेली चूक आपल्याला खरखर म्हणून ऐकू येते. प्रत्येक वाढीव बिटामागे ही खरखर सुमारे ६ डेसिबलांनी खाली जाते. हा एक आकडा लक्षात ठेवला तर पुढचा सगळा इतिहास उलगडतो.

बोलणे समजायला थोडे बिट पुरतात, संगीताला पुरत नाहीत. जपानच्या एनएचके या प्रसारण संस्थेने १९६७ साली १२ बिटांचे मुद्रणयंत्र दाखवले, तर डेनॉनने १९७२ साली १३ बिटांचे. कॉम्पॅक्ट डिस्क ठरवताना फिलिप्सचा कल १४ बिटांकडे होता, सोनीचा आग्रह १६ चा. शेवटी १६ ठरले आणि १९८२ साली डिस्क बाजारात आली : ६५,५३६ पायऱ्या, सुमारे ९६ डेसिबलांचा पल्ला. घरगुती संगणक मागून आला. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचे १९८९ चे साउंड ब्लास्टर कार्ड ८ बिटांचे होते. तिचे १६ बिटांचे कार्ड १९९२ साली आले.

आता आपल्या जत्रेत येऊ. रात्री मंडपातली शांतता सुमारे ४० डेसिबलांची धरू आणि जवळून ऐकलेली झांज १०० डेसिबलांची. फरक ६० डेसिबलांचा, म्हणजे १० बिटांचा. ८ बिटांच्या कार्डाचा पल्ला ४८ डेसिबलांचा. तिथे झांज नीट पकडली तर हळू बोललेले वाक्य खरखरीत बुडणार. १६ बिट मात्र सहज पुरतील. मग २४ बिट कशाला?

कारण राक्षस कधी ओरडत येईल हे मुद्रण करणाऱ्याला ठाऊक नसते. आवाज सर्वांत वरच्या पायरीच्याही वर गेला की लाटेचा माथा छाटला जातो आणि तो पुन्हा मिळत नाही. म्हणून पातळी २० ते २५ डेसिबल खाली ठेवावी लागते. त्यात चारेक बिट खर्ची पडतात. १६ पैकी १२ उरतात, म्हणजे काम काठावर येते. २४ बिटांत ही मोकळीक सहज मिळते. या कार्डांचे शेवटचे काही बिट कार्डाच्या स्वतःच्या खरखरीतच जातात. चांगल्या कार्डाचा खरा पल्ला ११० ते १२० डेसिबल असतो, पण आपल्याला तेवढा पुष्कळ झाला.

तेव्हा मुद्रण २४ बिटांत करावे. ऐकायला द्यायची प्रत १६ बिटांची चालेल. कार्ड संगणकाबाहेर, यूएसबीने जोडायचे असावे. संगणकाच्या पेटीतल्या विद्युत गडबडीपासून ते दूर राहते. आणि मायक्रोफोन नटाच्या जवळ, जनरेटरपासून लांब ठेवावा. जनरेटरची घरघर एकदा मुद्रणात शिरली की कितीही बिट वापरा, ती तितक्याच इमानाने नोंदली जाते.

वर्गात हे सहज दाखवता येईल. आलेखाच्या कागदावर एक लाट काढून घ्या. मुलांच्या एका गटाला तिची उंची सेंटिमीटरच्या, दुसऱ्याला मिलिमीटरच्या रेघांवर बसवायला सांगा. मिळालेले बिंदू जोडले की मूळ लाटेतले काय हरवले, ते मुलेच सांगतील.