फुकटाची किंमत : किर्लोस्करवाडी ते मोबाइल

वाचनसाहित्यासोबत जाहिरात देण्याची पद्धत आपल्या भागाला नवी नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळरानावर नांगरांचा कारखाना उभारला. औंध आज सातारा जिल्ह्यात, तर किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात येते. कारखान्याच्या मालाची माहिती लोकांपर्यंत पोचावी म्हणून शं. वा. किर्लोस्करांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. पुढे त्याचेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ निघाले.

वर्गणीदाराचे नाव व पत्ता मासिकाकडे असे. परंतु त्याने कोणते पान दोनदा वाचले, कोणत्या जाहिरातीवर नजर थांबली, हे किर्लोस्करवाडीला कळण्याची सोय नव्हती. जाहिरात वाचकाला दिसे. वाचक जाहिरातदाराला दिसत नसे.

ही स्थिती इंटरनेटने बदलली. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ‘कुकी’ तयार केली. कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या संगणकावर ठेवलेली छोटी नोंद. पुढच्या भेटीत ते ती वाचते. ग्राहकाने खरेदीसाठी काय निवडले ते लक्षात राहावे, हा मूळ हेतू. पण एकाच कंपनीच्या जाहिराती हजारो संकेतस्थळांवर असल्या, की तिची कुकी सगळीकडे वाचली जाते आणि एका माणसाच्या आवडीनिवडींचा आलेख तयार होतो. मोबाइलने त्यात ठावठिकाण्याची भर घातली. २००४ साली आलेले जीमेल फुकट होते. मात्र जाहिराती निवडण्यासाठी पत्रांचा मजकूर यंत्राकडून तपासला जाई. ही प्रथा थांबवत असल्याचे गूगलने २०१७ मध्ये जाहीर केले.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्यात, अठरा वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यास मनाई करणारी तरतूद आहे. मात्र मुलाने जन्मवर्ष खोटे भरले, किंवा वडिलांच्याच खात्यावर खेळ उतरवून घेतला, तर यंत्राच्या लेखी तो प्रौढच असतो.

म्हणून हा विषय वर्गात घ्यायला हवा. मोबाइलमधील एकेक अ‍ॅप कोणती परवानगी मागते, याचा तक्ता विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा. नकाशाला आपले ठिकाण लागते, हे पटते. विजेरीच्या अ‍ॅपला आपल्या नातेवाइकांचे नंबर कशासाठी हवेत, याचे उत्तर मुलांनाच शोधू द्यावे.