पदवी, पेढी आणि लोखंड

आमच्या रेडीला जे येऊन गेलेत त्यांना इथली तांबडी धूळ आठवत असेल. ही धूळ लोहखनिजाची. स्वातंत्र्यानंतर ते इथल्या खाणींतून निघालं आणि इथल्याच बंदरातून परदेशी गेलं. नव्वदच्या दशकात कच्च्या लोखंडाचा कारखाना उभा राहिला, पण तोवर आम्ही दगडच विकत होतो. त्याच काळात गावातली शिकलेली मुलं मुंबईच्या कचेऱ्या गाठत होती. या दोन गोष्टींचा संबंध आहे, असं मला वाटतं.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. १८६२ साली बी.ए. झालेल्या पहिल्या चौघांत महादेव गोविंद रानडे होते, तसेच आमच्या मालवणात जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर. रानडे न्यायमूर्ती झाले, भांडारकर संस्कृतचे प्राध्यापक. मोडक शिक्षणखात्यात गेले, वागळे वकिलीत. धंद्यात कुणीच नाही!

गंमत अशी, की लोखंडाचा विचार यांच्यातल्याच एकाने केला. पुण्याच्या औद्योगिक परिषदेसाठी रानड्यांनी १८९२ मध्ये या देशातल्या लोखंड-धंद्यावर निबंध लिहिला. मद्रास इलाख्यात पोर्टो नोव्होला हीथ नावाच्या इंग्रजाने काढलेल्या कारखान्यासारखे आधीचे प्रयत्न त्यांनी तपासले आणि सरकारने या धंद्याला हात द्यावा, असं मांडलं. आपण कच्चा माल पाठवायचा आणि पक्का विकत घ्यायचा, हे त्यांना खुपत होतं. पण दिवसा त्यांना कोर्टात बसायचं होतं.

करून दाखवलं ते एल्फिन्स्टन कॉलेजातून १८५८ मध्ये 'ग्रीन स्कॉलर' म्हणून बाहेर पडलेल्या जमशेटजी टाटांनी. पदवी परीक्षा तेव्हा सुरू व्हायच्या होत्या. पोलादाचा कारखाना पाहायला ते उरले नाहीत, १९०४ मध्ये गेले. मुलांनी १९०७ मध्ये भांडवल मागितलं, तेव्हा तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार भारतीयांनी ते उभं केलं. १९१२ मध्ये साकचीला पोलाद निघालं. मात्र एक विसरू नये: जमशेटजी कॉलेजातून निघाले ते वडिलांच्या पेढीवर. रानड्यांच्या घरी सरकारी नोकरी होती. शिक्षण दोघांचं सारखंच. घरी परतल्यावर दिसणारं काम वेगळं.

पेढी नसलेल्यांचं काय? त्याचं उत्तर आमच्या घाटापलीकडे, बेळगावात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर पदवीधर नव्हते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमधली शिक्षकी सोडून त्यांनी बेळगावात सायकलींचं दुकान चालवलं, मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते, असं शेतकरी म्हणत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. मुलगा शंतनुराव अमेरिकेत एम.आय.टी.त शिकून १९२६ मध्ये पदवीधर झाला आणि परत आला तो थेट वडिलांच्या कारखान्यात. नोकरीचा अर्ज कुठे करावा, हा प्रश्नच त्याच्यापुढे नव्हता. लक्ष्मणरावांना पेढी मिळाली नव्हती, त्यांनी ती मुलासाठी करून ठेवली.

आमच्या किनाऱ्यावर शिकलेल्या मुलापुढे असं काही नव्हतं. वाडी, थोडी भातशेती, आणि घाटी उतरून येणाऱ्या पोस्टमनच्या पिशवीतली मुंबईची मनीऑर्डर. मनीऑर्डर वेळेवर आली, की मुलगा मार्गाला लागला असं घर म्हणे. बंदरात लागलेल्या जहाजात काय भरलं जातंय, हे विचारायचं कारण पडत नसे.