सा कार्नेरो : अकरा महिन्यांचे पंतप्रधान

गोव्यात पोर्तुगालच्या पंतप्रधानांचा विषय निघाला की दोनच नावं तोंडावर येतात. एक सालाझार, आणि दुसरं, वडिलांकडून मूळचे गोंयकार म्हणून, अंतोनियो कोस्ता. मधली मंडळी फारशी कुणाला ठाऊक नसतात. त्यांतल्या फ्रान्सिस्को सा कार्नेरो यांच्याबद्दल लिहायचं कारण असं की, सालाझारशाहीला विरोध केला तो डाव्यांनीच, हा आपल्याकडचा समज त्यांच्या चरित्रापुढे टिकत नाही.

जन्म १९ जुलै १९३४, पोर्तो शहरात. पेशा वकिली, श्रद्धा कॅथलिक. १९६८ साली आजारी सालाझारच्या जागी मार्सेलो कायतानो आले आणि आता दार थोडं किलकिलं होईल अशी बऱ्याच लोकांना आशा वाटली. १९६९ च्या निवडणुकीत सा कार्नेरो सरकारी पक्षाच्याच यादीतून, पण अपक्ष म्हणून, संसदेत गेले. तिथे पिंतो बाल्सेमांव वगैरे मोजक्या सदस्यांचा ‘उदारमतवादी गट’ जमला. वृत्तपत्रांना मोकळीक द्या, राज्यघटना सुधारा, राजकीय कैद्यांना सोडा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. एकही मान्य झाली नाही. जानेवारी १९७३ मध्ये सा कार्नेरोंनी राजीनामा दिला आणि बाल्सेमांव यांच्या नव्या ‘एश्प्रेसो’ साप्ताहिकात लिहू लागले. त्या लिखाणावरही सेन्सॉरची कात्री चाललीच.

हुकूमशाहीच्या यादीतून निवडून आलेला माणूस म्हणून त्यांना संधिसाधू ठरवणं सोपं आहे. पण संधिसाधू माणूस सव्वातीन वर्षं हरणारे ठराव मांडत बसत नाही, आणि खुर्चीही सोडत नाही.

२५ एप्रिल १९७४ ला क्रांती झाली. (याच क्रांतीमुळे पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. ३१ डिसेंबर १९७४ च्या दिल्लीतल्या करारावर सह्या होत्या मारियो सुआरिश आणि आपले यशवंतराव चव्हाण यांच्या.) क्रांतीनंतर दोनच आठवड्यांच्या आत, ६ मे रोजी, सा कार्नेरो, बाल्सेमांव आणि मागाल्यांइश मोता यांनी नवा पक्ष काढला. तोच पुढे ‘सोशल डेमोक्रॅटिक’ झाला. नाव डावं आणि बसणं उजवीकडे! त्या दिवसांत स्वतःला उजवं म्हणवून घ्यायची कुणाची छाती नव्हती, हेही ध्यानात घ्यायला हवं.

पक्षात भांडणं सतत चालू. सा कार्नेरो स्वभावाने तडजोड न करणारे. एकदा नेतृत्व सोडलं, पुन्हा घेतलं, १९७९ मध्ये तर बरेच खासदार त्यांना सोडून गेले. तरी त्याच वर्षी उजव्या आणि राजेशाहीवादी पक्षांना घेऊन त्यांनी ‘लोकशाही आघाडी’ उभारली. डिसेंबरात २५० पैकी १२८ जागा मिळाल्या. ३ जानेवारी १९८० ला ते पंतप्रधान झाले.

खरा झगडा लष्कराशी होता. ‘क्रांती परिषद’ नावाचं लष्करी अधिकाऱ्यांचं मंडळ संसदेने केलेले कायदे अडवू शकत असे. बँका खासगी क्षेत्राला खुल्या करायचा कायदा तसाच अडला. निवडून आलेल्यांच्या डोक्यावर वर्दीवाले नकोत, हा त्यांचा मुद्दा होता. ऑक्टोबरात जनतेने आघाडीला १३४ जागा दिल्या. आता राष्ट्राध्यक्षही आपल्या बाजूचा हवा म्हणून त्यांनी सगळी प्रतिष्ठा पणाला लावली.

४ डिसेंबर १९८० च्या रात्री प्रचारासाठी पोर्तोला निघालेलं त्यांचं छोटं सेस्ना विमान लिस्बनहून उडताच कामारात वस्तीत कोसळलं. सातही जण गेले. त्यांत संरक्षणमंत्री आमारो दा कोश्ता होते, आणि स्नू आबेकासिश होत्या. या मूळच्या डेन्मार्कच्या प्रकाशिका. पहिल्या पत्नीशी घटस्फोट झालेला नसताना सा कार्नेरो त्यांच्यासोबत उघडपणे राहत, आणि त्यावरून टीकाही पुष्कळ झाली होती. अपघात की घातपात, यावर संसदेच्या अनेक समित्या बसल्या. काहींनी घातपात म्हटलं, पण न्यायालयात कुणालाही शिक्षा झाली नाही.

तीनच दिवसांनी त्यांचा उमेदवार हरला आणि इयानिश पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले. क्रांती परिषद मात्र १९८२ च्या घटनादुरुस्तीने गेली, बाल्सेमांव पंतप्रधान असताना. पोर्तोच्या विमानतळाला आज सा कार्नेरोंचं नाव आहे. आणि त्यांच्या मंत्रिमंडळात अर्थखातं सांभाळणारे कावाको सिल्वा पुढे दहा वर्षं पंतप्रधान राहिले. जानेवारी २००७ मध्ये ते गोव्यात येऊन गेले, पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष म्हणून.